न संपणारा सेकंद!

दोस्तांनो, एक सेकंद केवढा असतो हो? शाळा सुटायच्या वेळी तो लांबतच जातो, आणि पेपरात शेवटचं गणित राहिलं असेल तर भुर्रकन उडून जातो! पण घड्याळाला त्याचं काय? घड्याळाच्या लेखी सेकंद तो सेकंदच. निदान आपण तसं धरून चालतो. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मात्र एक सेकंद असा काही अडकून बसला, की एका खेळाडूच्या हातातला विजय त्यात निसटला. आईबाबांना विचारून बघा, त्यांनी कदाचित तेव्हा टीव्हीवर पाहिलंही असेल.

तारीख होती ३० जुलै. महिलांच्या तलवारबाजीची उपांत्य फेरी. एका बाजूला जर्मनीची ब्रिटा हायडेमान, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधली सुवर्णपदक विजेती. दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरियाची पंचवीस वर्षांची शिन आ-लाम.

तलवारबाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ढाल-तलवार आणि घोडे येतात. ऑलिंपिकमधली तलवारबाजी अगदी वेगळी. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून ती आहे. तिचे तीन प्रकार : फॉइल, सेबर आणि एपे. फॉइलमध्ये फक्त धडावर टोचायचं. सेबरमध्ये कमरेच्या वर, पात्याच्या धारेनंही मारता येतं. (आपली भवानी देवी खेळते ते हेच. कोरोनामुळे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती भारताची पहिली तलवारबाज. पहिली लढत तिनं १५-३ अशी जिंकली होती!) आणि एपे? त्यात डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठेही टोचा, गुण मिळतो. शिन आणि हायडेमान खेळत होत्या ते एपे.

एपेची तलवार जास्तीत जास्त ११० सेंटिमीटर लांब. वजन पाऊण किलोच्या आसपास. तिच्या टोकाला एक छोटं बटण असतं. ते समोरच्याच्या अंगावर नीट दाबलं गेलं, की तारेतून वीज जाते आणि यंत्रावर दिवा लागतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून एपेमध्ये हे विजेचं यंत्र आलं. कारण वार इतके झपाट्यानं होतात, की आधी कुणाचं टोक लागलं हे माणसाच्या डोळ्याला कळतच नाही. यंत्राला कळतं. एका सेकंदाचे पंचवीस तुकडे करा. त्यातल्या साधारण एका तुकड्याइतक्या वेळात दोघींचेही वार लागले, तर दोन्ही दिवे लागतात आणि दोघींनाही गुण मिळतो. त्याहून उशीर झाला, तर दुसरीचा दिवा लागतच नाही. सेकंदाचा पंचविसावा भाग! हे नीट लक्षात ठेवा.

तर शिन आणि हायडेमान. तीन-तीन मिनिटांचे तीन डाव झाले आणि गुण झाले ५-५. बरोबरी! अशा वेळी एक मिनिट जादा देतात. त्यात जी पहिला वार करील ती जिंकली. आणि कुणीच केला नाही तर? त्यासाठी मिनिट सुरू होण्याआधीच चिठ्ठी टाकल्यासारखा कौल घेतात. ज्याच्या बाजूनं कौल, तो बरोबरी राहिली तर विजयी. हा कौल शिनच्या बाजूनं लागला होता. म्हणजे तिला फक्त एक मिनिट स्वतःला वाचवायचं होतं. हायडेमानला मात्र वार करणं भागच होतं.

एकोणसाठ सेकंद गेले. घड्याळावर उरला १.

तलवारबाजीत पंच फ्रेंचमध्ये आज्ञा देतात. ‘सुरू करा’ला म्हणतात ‘आले!’ (मराठी माणसाला वाटावं, कोणी पाहुणेच आले!) पंच ‘आले’ म्हणाले, हायडेमान झेपावली, शिननंही टोक पुढे केलं, दोन्ही दिवे लागले. जादा मिनिटात असे दुहेरी वार धरत नाहीत. झालं, पुन्हा सुरुवात. पण घड्याळ बघावं तर अजून १! पुन्हा झेप, आणि पुन्हा तेच. मध्ये तर घड्याळ शून्यावर गेलं, तेही परत १ वर आणलं गेलं. आणि मग शेवटच्या झेपेत हायडेमानचं टोक लागलं. दिवा एकच लागला, तिचा. ६-५!

हायडेमाननं आनंदानं उडी मारली. शिनला काही कळेचना. एका सेकंदात इतक्या झेपा मावतातच कशा?

गोम कुठे होती सांगू? दिवा लावणारं यंत्र सेकंदाचा पंचविसावा भाग ओळखत होतं. पण वेळ दाखवणारं घड्याळ दाखवत होतं पूर्ण सेकंद. त्याच्यावरचा १ म्हणजे खरोखर एक सेकंद आहे, की त्याचा शेवटचा एवढासा कण, हे कुणाला दिसत नव्हतं. शिवाय ते घड्याळ सुरू व्हायचं ते माणसाच्या बोटानं! ‘आले’ ऐकू येऊन बोट दाबेपर्यंत कितीही चपळ माणसाला थोडा वेळ लागतोच. तेवढ्यात एपेच्या खेळाडूचा वार होऊनही जातो.

कोरियाच्या प्रशिक्षकांनी जोरदार हरकत घेतली. लेखी तक्रार झाली, अधिकाऱ्यांची चर्चा सुरू झाली. आणि शिन? ती ज्या पट्टीवर लढत होती, तिथून खाली उतरली असती तर निकाल मान्य केला असा अर्थ झाला असता. म्हणून ती तिथेच, पट्टीच्या कडेला बसून राहिली. पांढऱ्या पोशाखात, एकटी, डोळे पुसत. पाच मिनिटं नाही की दहा मिनिटं नाही, तासाभराच्या आसपास! सगळं प्रेक्षागृह तिच्याकडे बघत होतं, पुढचे सामने खोळंबले होते.

शेवटी निर्णय आला : तक्रार फेटाळली. तलवारबाजीत पंचांनी प्रत्यक्ष पाहून दिलेल्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येत नाही. नियम तसा योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक वारावर भांडण होईल. पण मला विचाराल तर इथे वार लागला का, हा प्रश्नच नव्हता. वार लागलाच होता. प्रश्न होता वेळ उरला होता का, आणि ते पंचांच्या डोळ्यांनी नव्हे, घड्याळानं सांगायचं असतं. हायडेमानला मात्र उगाच दोष देऊ नका. पंचांनी ‘आले’ म्हटल्यावर लढायचं नाही, तर करायचं काय?

अधिकारी शिनला पट्टीवरून घेऊन गेले, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पण थोड्याच वेळात तिला कांस्यपदकासाठी पुन्हा मुखवटा चढवावा लागला. समोर चीनची सुन युजिए, जेमतेम एकोणीस वर्षांची. शिन झुंजली, पण ११-१५ अशी हरली. चौथा क्रमांक! तिकडे अंतिम सामन्यात हायडेमानलाही युक्रेनच्या याना शेम्याकिनानं ९-८ असं हरवलं.

आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघानं मग शिनला एक खास पदक देऊ केलं, खिलाडूवृत्तीबद्दल. त्यानं माझं समाधान होत नाही, कारण ते ऑलिंपिकचं पदक नाही, असं तिनं स्पष्टच सांगून टाकलं. काहींना हे उद्धटपणाचं वाटेल. मला तर अगदी पटलं. गणित बरोबर सोडवूनही गुण कापले आणि वर चांगल्या अक्षराचं बक्षीस दिलं, तर तुम्हाला कसं वाटेल?

४ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या पाच दिवसांनी, सांघिक एपेच्या लढती होत्या. त्याच सभागृहात शिन पुन्हा उतरली, या वेळी तीन मैत्रिणींबरोबर. कोरियाच्या संघानं अमेरिकेला हरवून अंतिम फेरी गाठली. तिथे चीननं त्यांना ३९-२५ असं हरवलं, त्या संघात सुन युजिएही होती! पण त्या संध्याकाळी शिनच्या गळ्यात रौप्यपदक पडलं. या वेळी अगदी खरंखुरं, ऑलिंपिकचं.