क्षयाचा जंतू फोडायचा कसा?

क्षयरोगाचा संशय आला की रुग्णाचा बेडका तपासणीला जातो. जीनएक्सपर्टसारख्या यंत्रात तो घातला की साधारण दोन तासांत दोन गोष्टी कळतात: क्षयाचे जंतू आहेत का, आणि रिफाम्पिसिन हे औषध त्यांच्यावर चालेल का. या दोन तासांतला एक टप्पा मात्र कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. तो म्हणजे जंतूची पेशी फोडणे. यंत्र शोधते जंतूचा डीएनए, आणि तो असतो पेशीच्या आत. पेशी फुटलीच नाही, तर नमुन्यात जंतू असूनही अहवाल 'जंतू नाहीत' असा येऊ शकतो.

पेशी फोडण्याचा एकच एक उपाय नाही. जसे कवच, तसे हत्यार. रक्तातील तांबड्या पेशी नुसत्या शुद्ध पाण्यात टाकल्या तरी पाणी आत शिरून त्या फुगतात आणि फुटतात. प्राण्यांच्या पेशींभोवती फक्त स्निग्ध पदार्थांचे पातळ पटल असते. साबणाने भांड्यावरचा तेलकटपणा सुटावा, तसे ते डिटर्जंटने विरघळते. वनस्पतींच्या पेशींना सेल्युलोजची भिंत असते. म्हणून पाने उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलबत्त्यात कुटतात. अनेक जिवाणूंची भिंत लायसोझाइम हे विकर कापते. अश्रूंत आणि अंड्याच्या पांढऱ्यात सापडणाऱ्या या विकराचे वर्णन अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये केले. यीस्टसाठी नळीत अर्ध्या मिलिमीटरचे काचमणी घालून ती जोरात हलवतात.

क्षयाचा जंतू या सगळ्यांत चिवट. त्याच्या भिंतीत मायकोलिक आम्लांचा मेणासारखा थर असतो. त्यामुळे एकट्या लायसोझाइमचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. साधा रंगही आत शिरत नाही, म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या जुन्या तपासणीत रंग टाकून काचपट्टी गरम करावी लागते. अशा जंतूसाठी उष्णता, रसायने, काचमणी आणि श्राव्यातीत ध्वनी यांची जोड द्यावी लागते. या ध्वनीमुळे द्रवात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन कोसळतात आणि त्या धक्क्यांनी भिंत तुटते.

जीनएक्सपर्टमध्ये बेडक्यात आधी एक रसायन मिसळून तो १५ मिनिटे ठेवतात. पुढचे काम बंद कार्ट्रिजमध्येच, ध्वनिलहरींच्या मदतीने होते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते साधारण ५ ते १० हजार असावे लागतात. या चाचणीला सुमारे १३० पुरतात, तर तिच्या 'अल्ट्रा' या सुधारित आवृत्तीला सुमारे १६. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या 'ट्रूनॅट' या चाचणीत डीएनए वेगळा करण्यासाठी स्वतंत्र छोटे यंत्र असते. ही यंत्रे बॅटरीवर चालत असल्याने वीज बेभरवशाची असलेल्या केंद्रांतही ती वापरता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने ट्रूनॅटची शिफारस २०२० मध्ये केली.

मग सरसकट जास्तीत जास्त जोर का लावू नये? कारण कवच फोडताना आतला ऐवजही बिघडतो. ध्वनीचा मारा लांबला तर डीएनएचे लांब धागे तुटतात. नमुना तापला की प्रथिने बिघडतात, म्हणून प्रयोगशाळेत नळी बर्फात ठेवून थोडा वेळ मारा, थोडी विश्रांती असे काम चालते. डीएनए काढायला उपयोगी पडणारे तीव्र डिटर्जंट प्रथिनाची घडीच उलगडून टाकते. तेव्हा विकराचे काम तपासायचे असेल तर ते वापरून चालत नाही. काय टिकवायचे आहे, हे आधी ठरवावे लागते.

आणखी एक धोका तंत्रज्ञाच्या जिवाशी गाठ घालणारा आहे. उघड्या नळीत जोराचा मारा केला तर जिवंत जंतूंचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात, आणि क्षय पसरतो तो हवेतूनच. म्हणून हे काम बंद नळीत, सुरक्षा कपाटात करतात किंवा आधी जंतू मारून घेतात.

यंत्र कितीही चांगले असले तरी नमुन्यात नसलेला जंतू ते फोडू शकत नाही. म्हणूनच तोंडातली लाळ नव्हे, तर खोल खोकून छातीतून आलेला बेडका द्यावा, असे रुग्णाला सांगितले जाते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर ही तपासणी सरकारी रुग्णालयांत मोफत होते. खोकताना मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहावे.