गाडीचा व्यवहार : बोजा असलेली गाडी बदलताना

गेल्या आठवड्यात आपण आरसी वाचायला शिकलो. तिच्यावर फायनान्स कंपनीचं किंवा बँकेचं नाव असेल, तर गाडीवर एचपी आहे, म्हणजे कर्जाचा बोजा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ नुसार, हा बोजा असेपर्यंत त्यांच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. पण हप्ते चालू असताना गाडी बदलताच येत नाही, असा याचा अर्थ नव्हे. आशागडच्या नाक्यावर हा गैरसमज बराच पक्का आहे.

एक्स्चेंजमध्ये जुनी गाडी घेणारा डीलर बहुधा उरलेलं कर्ज थेट बँकेत भरतो आणि वर काही उरलं तर ते नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला धरतो. उरलं तर! खरी मेख इथेच आहे.

समजा, ६ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतलं. हप्ता साधारण ९,९६० रुपये. तीन वर्षांत ३ लाख ५८ हजारांच्या वर भरून झाले, म्हणून निम्म्याहून जास्त फिटलं असं वाटतं. प्रत्यक्षात बाकी असते जवळपास ३ लाख ९३ हजार, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. आता गाडीला भाव आला साडेतीन लाख, तर ४३ हजार अंगावर. मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार ४ टक्के धरला, तर आणखी पंधराएक हजार, वर जीएसटी. शोरूमचा सेल्समन म्हणतो, “काका, काळजी नको, नव्या लोनमध्ये अॅडजस्ट करू.” म्हणजे विकलेल्या गाडीचं कर्ज पुढची पाच-सात वर्षं व्याजासकट फेडायचं. माझं मत विचाराल, तर अशा वेळी वर्षभर जुनीच गाडी चालवावी.

म्हणून भाव काढायच्या आधी बँकेकडून फोरक्लोजर लेटर घ्या. अॅपवर दिसणारी बाकी आणि या पत्रातला आकडा सारखा नसतो. पत्रात त्या तारखेपर्यंतचं व्याज आणि आकार धरलेले असतात.

पैसे भरल्यावर बँक एनओसी आणि फॉर्म ३५ देते. ते आरटीओत गेले की बोजा उतरतो. आपल्याकडच्या एमएच ४८ पासिंगच्या गाडीचं काम वसईच्या कार्यालयाचं. त्यानंतर नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. तलासरीकराला वापी पालघरपेक्षा जवळ, त्यामुळे गिऱ्हाईक पुष्कळदा गुजरातचं किंवा सिल्वासाचं मिळतं. मग आणखी एक कागद वाढतो : आपल्या आरटीओची ना-हरकत, फॉर्म २८.

हे सगळं टाळायला जो व्यवहार होतो, त्याची मला धास्ती वाटते. “गाडी घेऊन जा, उरलेले हप्ते तू भर,” आणि स्टॅम्पपेपरवर सह्या. त्याने हप्ते थकवले तर बँक तुमच्या दारात येते आणि सिबिलही तुमचंच बिघडतं. अपघात झाला तर त्याहून वाईट. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला, की गाडी हातोहात चार जणांकडे गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याचीच. महामार्गावर चारोटी ते अच्छाड रोज गाडी पळवणाऱ्याच्या हातात अशी गाडी देताना हे आठवावं.

डीलरकडे गाडी सोपवतानाही फक्त किल्ली देऊन परतू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अधिकृत डीलरबरोबर फॉर्म २९सी ऑनलाइन भरता येतो. त्यानंतर गाडीचा मालक डीलरच मानला जातो. डीलरकडे आरटीओचं अधिकृत पत्र आहे का, हे आधी विचारा. नसेल, तर नाव बदलेपर्यंत गाडी तुमचीच.

विम्याचा नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवलं, तर नव्या गाडीच्या विम्यात, ओन डॅमेजच्या हप्त्यावर, ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. शोरूमवाला हे आपणहून सांगेलच असं नाही.