आजी, चेटकीण, खार आणि बाहुली

मॅटेल कंपनीने १९६० साली बाजारात आणलेल्या 'चॅटी कॅथी' या बाहुलीच्या मानेमागे एक छोटी कडी असायची. कडी ओढली की दोरी बाहेर यायची, आतली स्प्रिंग ताणली जायची आणि कडी सोडली की बाहुलीच्या पोटात बसवलेली इवलीशी तबकडी फिरायला लागायची. सुरुवातीच्या बाहुल्यांमध्ये अकरा वाक्यं भरलेली होती. त्यातलं कोणतं कधी वाजेल याचा नेम नसे, त्यामुळे बाहुली मनाला येईल ते बोलते असंच पोरींना वाटायचं. कधी ती लाडात यायची, कधी आपल्याला लागलंय म्हणून कुरकुरायची, कधी मलाही घेऊन चल म्हणून हट्ट धरायची. आवाज गोड, जरासा लाडावलेला, पाच-सहा वर्षांच्या मुलीचा. तो काढणारी बाई तेव्हा चाळिशी ओलांडून गेली होती.

१ नोव्हेंबर १९६३ रोजी 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेत 'लिव्हिंग डॉल' नावाचा भाग दाखवला गेला. टेली सॅव्हालसने त्यात एका कडवट सावत्र बापाचं काम केलं आहे. घरात नवी बोलकी बाहुली येते, टॉकी टीना. आई आणि मुलगी समोर असल्या की ती गोडगोड बोलते. बाप एकटा सापडला की मात्र आधी सांगते, तू मला आवडत नाहीस. आणि पुढे सांगते, मी तुला मारणार आहे. निर्मात्यांनी टीनासाठी आवाज निवडला तो चॅटी कॅथीचाच. हा भाग आजही अंगावर काटा आणतो, आणि त्याचं कारण सॅव्हालसच्या चेहऱ्याइतकंच त्या आवाजात आहे. धमकी देताना तो खाली उतरत नाही, घोगरा होत नाही, दातओठ खात नाही. लाडात येताना होता तितकाच गोड राहतो. दुसऱ्या कुणी इथे राक्षसी स्वर लावला असता आणि भीती तिथेच संपली असती.

दोन्ही बाहुल्यांच्या आत होत्या जून फोरे.

मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी १८ सप्टेंबर १९१७ रोजी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आडनाव खरं तर फोरर. लहानपणी नर्तकी व्हायचं होतं, पण न्यूमोनियाने गाठलं आणि नाच सुटला. बाराव्या वर्षी स्थानिक रेडिओवरच्या एका नाटिकेत आवाज लागला, पंधराव्या वर्षापर्यंत रेडिओवर नियमित कामं मिळू लागली. वडिलांची आर्थिक घडी विस्कटल्यावर सतराव्या वर्षी घरच्यांबरोबर लॉस एंजेलिसला यावं लागलं. हॉलिवूडच्या दारात आलेल्या या मुलीची उंची पाच फुटांच्या आत, त्यामुळे पडद्यावरची नायिका होण्याचा प्रश्न जवळजवळ निकालात निघालेला. मायक्रोफोनला उंची दिसत नाही. थोड्याच काळात 'लेडी मेक बिलीव्ह' हा मुलांचा कार्यक्रम त्या स्वतः लिहून स्वतःच सादर करू लागल्या.

त्या काळातला अमेरिकन रेडिओ म्हणजे आवाजाच्या नटांची तालीमच. कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा, चुकलं तर पुन्हा घेण्याची सोय नव्हती. हातात आलेले कागद पहिल्या वाचनातच पात्र होऊन वाचायचे, आणि एकाच नाटिकेत आजी, शेजारीण आणि रडणारं पोर अशी तिन्ही कामं निभवायची. पुढे व्यंगचित्रपटांच्या जगात जी मंडळी नावारूपाला आली, म्हणजे मेल ब्लँक, डॉज बटलर, पॉल फ्रीस, ती सगळी याच मुशीतून निघालेली. स्टॅन फ्रीबर्गच्या विनोदी ध्वनिमुद्रिकांतही फोरेबाई होत्या. त्यांपैकीच, 'ड्रॅगनेट' या पोलिसी मालिकेची टर उडवणारी 'सेंट जॉर्ज अँड द ड्रॅगनेट' ही १९५३ सालची तबकडी अमेरिकेत खपाच्या पहिल्या क्रमांकावर पोचली होती.

डिस्नेकडून बोलावणं आलं ते मांजरासाठी. मांजराचा आवाज जमेल का, अशी विचारणा झाली आणि बाईंनी कसलाही आवाज जमेल असं ठणकावलं. १९५० सालच्या 'सिंड्रेला'तला सावत्र आईचा लठ्ठ, कपटी बोका ल्युसिफर त्यांचा. एक शब्दही न बोलता तो बोका आळशी आहे, खुनशी आहे आणि मालकिणीच्या जिवावर माजलेला आहे हे त्याच्या गुरगुरण्यातून कळतं. १९५२ साली डिस्नेच्याच 'ट्रिक ऑर ट्रीट' या लघुपटात त्यांनी हेझल नावाची चेटकीण केली. वॉर्नर ब्रदर्समधल्या चक जोन्सना ती इतकी भावली की त्यांनी आपल्याकडेही त्याच नावाची चेटकीण उभी केली, आणि १९५६ सालच्या 'ब्रूमस्टिक बनी'पासून तिला आवाजही फोरेबाईंचाच दिला. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, एकाच नावाच्या दोन चेटकिणी आणि एकच घसा! वॉर्नरची हेझल झपाट्याने निघून जाते तेव्हा तिच्या केसांतले आकडे हवेत क्षणभर तरंगत राहतात. चित्रकाराला हा खेळ सुचण्याआधी तिचं खिदळणं ध्वनिमुद्रित झालेलं असे, हे लक्षात घ्यायला हवं. अमेरिकन व्यंगचित्रपटांत साधारणपणे आवाज आधी आणि चित्रं नंतर. चित्रकार तबकडी ऐकतो, कोणत्या अक्षरावर तोंड किती उघडेल हे नोंदवतो आणि मग पेन्सिल उचलतो. म्हणजे पात्राचा स्वभाव पहिल्यांदा ठरतो तो कोरा कागद समोर असताना, नटाच्या घशात.

आणि तरीही नाव नाही.

याचं मूळ एका करारात आहे. चाळीसच्या दशकात मेल ब्लँक यांनी पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, आणि त्याऐवजी पडद्यावर नाव देण्याचं ठरलं, असं ब्लँक सांगत. त्यांच्या बाजूने पाहिलं तर मागणी अगदी रास्त होती. पण पुढची कित्येक वर्षं वॉर्नरच्या बहुतेक पडद्यांवर आवाजासाठी ते एकच नाव झळकत राहिलं. १९५५ पासून ट्वीटी आणि सिल्व्हेस्टरच्या चित्रपटांतली चष्मेवाली आजी फोरेबाई करत होत्या; पाहणाऱ्यांना मात्र तीही ब्लँकचीच करामत वाटे. लोक त्यांना बायकांमधल्या मेल ब्लँक म्हणत, तेव्हा चक जोन्स उलट म्हणत, की ब्लँकच पुरुषांमधले जून फोरे आहेत. हे वाक्य बाईंच्या गौरवार्थ सगळीकडे उद्धृत होतं. मला त्यात एक खुपतं: त्यांची थोरवी सांगायलाही ब्लँक यांचंच नाव घ्यावं लागतं.

घरोघर पोचलेलं काम आलं ते टीव्हीवर. निर्माते जे वॉर्ड यांनी जेवायला बोलावून एक मूस जातीचं हरीण आणि एक उडती खार यांची गोष्ट ऐकवली. दुसऱ्या मार्टिनीनंतर कल्पना झकास वाटू लागली, असं बाई पुढे हसत सांगत. 'रॉकी अँड हिज फ्रेंड्स' १९ नोव्हेंबर १९५९ रोजी सुरू झालं. पैसा कमी, चित्रं मेक्सिकोत काढून घेतलेली, आणि ती इतकी धसमुसळी की एखाद्याच्या मिशा या दृश्यात आहेत तर पुढच्यात गायब. अख्खा डोलारा संवादांवर आणि ते म्हणणाऱ्या चार-पाच माणसांवर उभा होता. बिल स्कॉट लिहायचे आणि मूसचा आवाजही द्यायचे. फोरेबाई प्रामाणिक, उत्साही रॉकी खार करायच्या आणि तिच्या मागावर असलेली पॉट्सिल्व्हेनिया देशाची हेर नताशा फटालेही त्याच करायच्या. शीतयुद्धाचे दिवस होते, पॉट्सिल्व्हेनिया कुठला हे सांगावं लागत नव्हतं. एका वाक्याला शाळकरी पोरासारखा चढा, स्वच्छ स्वर आणि पुढच्याच वाक्याला खर्जातली, शब्द लांबवत बोलणारी नताशा: बाई एकाच मायक्रोफोनपुढे स्वतःलाच पकडायला निघालेल्या असत.

सगळंच हाती लागलं असं नाही. 'फ्लिंटस्टोन्स'च्या प्राथमिक नमुन्यात शेजारीण बेटी त्यांनी केली होती. प्रत्यक्ष मालिका आली तेव्हा बेटीला आवाज होता बी बेनाडेरेट यांचा. वॉर्नरची आजी आधी करणाऱ्या त्याच बेनाडेरेट. १९६६ सालच्या 'हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस'मध्ये चोराला भाबडा प्रश्न विचारणारी चिमुरडी सिंडी लू फोरेबाईंची, पण नामावलीत त्या नाहीत. त्यातलं गाजलेलं गाणं म्हणणारे थर्ल रेव्हन्सक्रॉफ्टही नाहीत. गाणं निवेदक बोरिस कार्लॉफ यांनीच म्हटलं अशी लोकांची समजूत झाली, आणि अखेर मूळ पुस्तकाचे लेखक डॉ. स्यूस यांना वृत्तपत्रांतल्या स्तंभलेखकांना पत्रं लिहून खुलासा करावा लागला.

'महल'च्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी पडद्यावरच्या कामिनीचं नाव छापलं गेलं, ही १९४९ सालची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पार्श्वगायनाला फिल्मफेअर पारितोषिक नाही म्हणून त्या सोहळ्यात गाणार नाही, असं पुढे लताबाईंनी स्पष्ट सांगितलं आणि १९५९ पासून ते पारितोषिक सुरू झालं. फोरेबाईंनी नकाराचा मार्ग धरला नाही. त्या संस्था बांधायला लागल्या. 'असिफा हॉलिवूड' या व्यंगचित्रपट-संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी एक. या क्षेत्रासाठी वेगळे पुरस्कार हवेत ही कल्पना त्यांचीच, आणि त्यांना 'ॲनी' हे नाव सुचवलं त्यांचे पती होबार्ट डोनाव्हन यांनी. १९७२ साली पहिला मान मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या जुन्या काळच्या व्यंगचित्रपटकार बंधूंना मिळाला. ऑस्करवाल्या अकादमीच्या नियामक मंडळावरही फोरेबाई दीर्घकाळ होत्या. पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाला स्वतंत्र ऑस्कर असावं म्हणून त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला, आणि २००२ साली तो पुरस्कार पहिल्यांदा 'श्रेक'ला मिळाला. ज्या बाईचं नाव पडद्यावर येत नव्हतं तिने दुसऱ्यांच्या नावांसाठी मंच उभारले, असं म्हणायचा मोह होतो. पण त्यांना साधू ठरवण्याची गरज नाही. १९९५ साली असिफाने 'जून फोरे पुरस्कार' सुरू केला तेव्हा पहिल्या मानकरी त्याच होत्या, आणि तो त्यांनी आनंदाने घेतला.

आपल्याकडे हा आवाज अर्धामुर्धाच पोचला. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं, तेव्हा ट्वीटीच्या आजीचं इंग्रजी घरात ऐकू येऊ लागलं. त्याच दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'डकटेल्स' लागायचं. त्यातली अंकल स्क्रूजच्या पहिल्या नाण्यावर डोळा ठेवून असलेली चेटकीण मॅजिका मुळात फोरेबाईंची, पण आपण ऐकली ती हिंदीतली. डबिंगचं काम उफराटं असतं. चित्रातले ओठ आधीच हलून चुकलेले असतात आणि मुंबईतल्या स्टुडिओत उभ्या असलेल्या कलाकाराला आपलं वाक्य त्या ओठांत बसवावं लागतं. त्या हिंदी चेटकिणीचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या गोष्टीवर चक जोन्सनी १९७५ साली 'रिक्की-टिक्की-टावी' केला. त्यातली नागीण नगैना मात्र मूळ आवाजात मिळवून ऐकावी. सूड ठरवून बसलेली ती विधवा नागीण कुजबुजीच्या वर फारशी जातच नाही.

१९९८ सालच्या 'मुलान'मध्ये एक आगाऊ आजी आहे. तिचे संवाद फोरेबाईंचे आणि गाणं मार्नी निक्सन यांचं. 'माय फेअर लेडी'त ऑड्रे हेपबर्नसाठी आणि 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वूडसाठी गायलेल्या त्याच निक्सन. दुसऱ्यांच्या तोंडून जन्मभर बोललेल्या आणि गायलेल्या या दोघी एकाच म्हातारीत येऊन भेटल्या, आणि या वेळी दोघींची नावं नामावलीत होती.

२०१२ साली 'द गारफिल्ड शो'मधल्या मिसेस कॉल्ड्रन या चेटकिणीसाठी त्यांना डेटाइम एमी मिळालं. वय ९४. त्याच्या पुढच्या वर्षी एमीचाच गव्हर्नर्स पुरस्कार. २०१४ मध्ये एका लघुपटासाठी त्यांनी पुन्हा रॉकीचा आवाज लावला. २६ जुलै २०१७ रोजी, शंभरी गाठायला दोन महिने उरले असताना, त्या लॉस एंजेलिसमध्ये वारल्या. पुढच्या वर्षी आलेल्या रॉकीच्या नव्या मालिकेत ती खार टारा स्ट्राँग यांनी केली. ट्वीटीची आजी आता कँडी मायलो करतात.