मिश्र सर्व्हरांसाठी आभासी प्रक्रियकाची निवड

शासकीय संगणक केंद्रांतील सर्व्हर बहुधा एकाच वेळी खरेदी होत नाहीत. जशी आर्थिक तरतूद होईल तशी यंत्रे येतात आणि जुनी-नवी यंत्रे शेजारी शेजारी काम करू लागतात. अशा समूहात आभासी यंत्रास कोणत्या प्रकारचा प्रक्रियक, म्हणजेच प्रोसेसर, द्यावा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि जनतेची सेवा अखंड चालणे त्यावर अवलंबून असते.

एखाद्या सर्व्हरची दुरुस्ती करावयाची असता त्यावरील आभासी यंत्र चालू स्थितीतच दुसऱ्या सर्व्हरवर हलविता येते. परंतु आपल्या प्रक्रियकास कोणते आदेश समजतात, याची नोंद आज्ञावली साधारणतः सुरू होतानाच घेते. आभासी यंत्रास 'होस्ट' हा प्रकार दिला असल्यास त्यास नव्या सर्व्हरची सर्व सामर्थ्ये दिसतात. ते जुन्या सर्व्हरवर गेले आणि तेथे नसलेला आदेश आज्ञावलीने दिला, की ती तत्क्षणी बंद पडते. म्हणून समूहातील प्रत्येक सर्व्हरला समजेल असाच समान प्रकार निवडणे इष्ट होय.

या निवडीस २०२० साली निश्चित झालेल्या एक्स८६-६४ च्या चार पातळ्यांचा आधार घेता येतो. दुसऱ्या पातळीत एसएसई ४.२ पर्यंतचे आदेश येतात. तिसरीत एव्हीएक्स२ आणि चौथीत एव्हीएक्स-५१२ यांची भर पडते. सांकेतिकीकरणास वेग देणारे एईएस आदेश मात्र या पातळ्यांत समाविष्ट नाहीत. ते वेगळे मागावे लागतात. प्रॉक्समॉक्सच्या २०२३ मधील आठव्या आवृत्तीपासून नव्या आभासी यंत्रास 'एक्स८६-६४-व्ही२-एईएस' हा प्रकार आपोआप सुचविला जातो, तो याच विचाराने.

उदाहरणार्थ, एका समूहात इंटेलचे तीन सर्व्हर आहेत असे समजू : २०१३ चा आयव्ही ब्रिज, २०१६ चा ब्रॉडवेल आणि २०१७ चा स्कायलेक. पहिल्यात एव्हीएक्स२ नाही. सबब तिघांसाठी एईएससह दुसरी पातळीच योग्य ठरते. पहिला सर्व्हर निवृत्त केल्यास मात्र उरलेल्या दोहोंसाठी तिसरी पातळी घेता येईल.

येथेच खरा निर्णय दडलेला आहे. समान पातळी सर्वांत दुबळे यंत्र ठरविते आणि त्याची किंमत सर्व यंत्रांना मोजावी लागते. २०२२ ची रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ दुसऱ्या पातळीवर चालते. २०२५ मधील दहावी आवृत्ती तिसरी पातळी मागते. म्हणजे एक जुना सर्व्हर राखण्यासाठी संपूर्ण समूहाचे अद्ययावतीकरण अडू शकते. म्हणून जुने यंत्र ठेवावे की नाही, हे केवळ ते चालू आहे एवढ्यावर ठरवू नये.

निवड करताना पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात :

(१) केवळ प्रक्रियकाच्या नावावर विसंबू नये. हॅसवेल प्रक्रियकांतील टीएसएक्स ही सोय २०१४ मध्ये दोष आढळल्याने मायक्रोकोडद्वारे बंद करण्यात आली. त्यामुळे एकाच नावाची दोन यंत्रेही भिन्न असू शकतात. प्रत्येक सर्व्हरवर 'एलएससीपीयू' ही आज्ञा चालवून उपलब्ध आदेशांची तुलना करावी.

(२) इंटेल व एएमडी यांचे सर्व्हर शक्यतो वेगळ्या समूहांत ठेवावेत. त्यांच्यामध्ये चालू यंत्र सुरक्षितपणे हलेलच, याची हमी समान पातळीनेही मिळत नाही.

(३) जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर दोषांपासून संरक्षण देणारी चिन्हे आभासी यंत्रापर्यंत पोहोचतात का, हे तपासावे.

(४) प्रकार बदलल्यावर आभासी यंत्र पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करावे. आतूनच पुनरारंभ केल्यास बदल लागू होत नाही.

जे आभासी यंत्र कधीच हलवावयाचे नाही, त्यास 'होस्ट' प्रकार देण्यास हरकत नाही. इतरांच्या बाबतीत वेगाचा थोडा त्याग करून सेवेचे सातत्य राखणे, हेच श्रेयस्कर होय.