लहान कुडी, मोठा दमसास

इंदुरातल्या जुन्या मंडळींत मोटारींचा विषय निघाला की तो फिरून फिरून माणिकबागेच्या फाटकापाशी येऊन थांबतो. १९२६ ते १९४८ या काळात गादीवर असलेले यशवंतराव होळकर (द्वितीय) यांचा मोटारींचा शौक सर्वश्रुत आहे. अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी त्यांच्यासाठी बांधलेली गाडी आजही शौकिनांच्या तोंडी आहे. जवळजवळ सात लिटरचे इंजिन, पुढच्या-मागच्या चाकांत पावणेतेरा फुटांचे अंतर आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती!

आमचे वडील तरुणपणी होळकर दरबारच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत नोकरीस होते. सरकारी मोटारींच्या आवाजाचे वर्णन करून ते पुस्ती जोडीत, "गळा असावा तर असा!" आवाज मोठा तो गवई मोठा, ही समजूत मीही उराशी धरली आणि शिकवणीला येणाऱ्या मुलांचे गळे त्याच मापाने मोजू लागलो.

ती समजूत ढिली केली त्याच काळातल्या चिमुकल्या शर्यतगाड्यांनी. सियामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजपुत्र बीरा याला त्याचा चुलतभाऊ राजपुत्र चुला याने दीड लिटरची ई.आर.ए. ही इंग्रजी गाडी दिली. तिचे नाव रोम्युलस. १९३६ साली मोनॅकोत लहान गाड्यांची शर्यत त्याने तिच्यावरच जिंकली. पुढे आणखी एक ई.आर.ए. आली, तिचे नाव ठेवले हनुमान! लंकेत शिरताना मारुतीने सूक्ष्म रूपच घेतले होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

एम.जी. कंपनीची के-३ ही तर याहूनही लहान. इंजिन जेमतेम १,०८७ घनसेंटिमीटरचे. १९३३ साली बेलफास्टजवळच्या आर्ड्‌स येथील शर्यत इटलीच्या नुव्होलारीने तिच्यावर जिंकली, तीही ताशी सरासरी १२५ किलोमीटरांहून अधिक वेगाने. लहान इंजिनांना त्या शर्यतीत सवलत होती, हे खरे. परंतु १९३९ साली जर्मनीत देसाऊजवळ गोल्डी गार्डनरने एम.जी.च्या अकराशे घनसेंटिमीटरच्या इंजिनावर ताशी ३२० किलोमीटरांची मर्यादा ओलांडली, तेव्हा सवलत कुणी दिली होती?

मग हे बळ येते कोठून? ड्यूसेनबर्गचा दट्ट्या एका खेपेस सुमारे १२० मिलिमीटर सरकतो, के-३चा केवळ ७१. वाट लहान, म्हणून खेपा अधिक. ड्यूसेनबर्ग मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आतच आपला जोर गाठते. के-३ साडेसहा हजारांपर्यंत चढे. तबलजीला हे शिकवावे लागत नाही. द्रुत लयीत हात उंच उचलला की बोल सुटलाच. बोटे पुडीलगत ठेवावी लागतात.

दुसरे कारण दमाचे. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या छातीत हवा कोंबणारा भाता. आपल्या पेटीचा भाता आठवावा. ड्यूसेनबर्गलाही भाता होता; पण शर्यतीच्या गाडीत हवा अधिक दाबून भरीत. त्यामुळे ड्यूसेनबर्ग लिटरमागे सुमारे ४६ अश्वशक्ती देई, तर के-३ शंभरावर. मात्र याची किंमतही असे. ताण वाढला की इंजिन तापे, आणि घाई करणाऱ्याची गाडी शर्यत संपण्याआधीच बाजूला उभी राही.

हे वाचून मला एक मुलगी आठवली. गेल्या वर्षी मी तिला "गळा लहान आहे, पेटी शीक" असे सांगून परत पाठवले होते. चूक माझी होती. मी आकार मोजला, दम पाहिलाच नव्हता. या पावसाळ्यात तिला निरोप धाडून बोलावून घेतले. रोज पहाटे खर्ज, मग लहान लहान पलटे. जोर करायचा नाही, गळा तापू द्यायचा नाही.

परवा तिने त्रितालाच्या दोन आवर्तनांची तान एका दमात घेतली. आवाज अजून लहानच आहे. तंबोऱ्याशी मात्र तो असा मिळाला की शेजारच्या खोलीत तबला लावीत बसलेल्याने हातोडी खाली ठेवली.