गाडीतला स्टिरिओ का तापतो?

मुलांनो, घरात कोणाला ताप आला की आपण डॉक्टरांकडे किंवा हकीमसाहेबांकडे जातो. ते लगेच औषध देत नाहीत. ते नाडी पाहतात, जीभ पाहतात, चार प्रश्न विचारतात. ताप ही रोगाची खूण असते, हे त्यांना ठाऊक असते. रोग ओळखण्याच्या या कामाला तुम्ही उर्दूत 'तशखीस' म्हणता. मराठीत त्याला 'निदान' म्हणतात. आज आपण एका यंत्राच्या तापाचे निदान करू या.

समजा, मे महिना आहे. तुम्ही मामांच्या जीपमधून मालेगावहून नाशिकला निघाला आहात. अर्ध्या तासाने स्टिरिओचा आवाज एकाएकी बंद पडतो. मामा हात लावतात, तर चटका बसतो! थोड्या वेळाने तो आपोआप सुरू होतो आणि पुन्हा बंद पडतो. "हा गेला कामातून, नवा घ्यावा लागेल," असे मामा म्हणतात. पण घाई कशाला? आधी निदान करू या.

स्टिरिओत आवाज मोठा करणारा एक भाग असतो. त्याला ॲम्प्लिफायर म्हणतात. तो बॅटरीतून जेवढी वीज घेतो, तेवढी सगळी स्पीकरला देत नाही. काही विजेची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी स्टिरिओच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. म्हणून स्टिरिओ थोडा कोमट होणे साहजिक आहे. चटका बसणे मात्र साहजिक नाही. फार ताप झाला, की पुष्कळ स्टिरिओ स्वतःला वाचवण्यासाठी आवाज बंद करतात. मामांच्या गाडीत हेच घडले.

आता एकेक गोष्ट तपासू.

पहिली गोष्ट हवा. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड खूप तापतो. त्यात स्टिरिओच्या मागे तारांचा गुंता कोंबलेला असेल, तर पट्ट्यांना हवा लागत नाही. तारा नीट बांधून बाजूला सरकवा.

दुसरी गोष्ट बॅटरीचा दाब. इंजिन चालू असताना मीटरवर साधारण १४ व्होल्ट दिसतात. १५ च्या वर आकडा गेला, तर दोष चार्जिंगमध्ये आहे, स्टिरिओत नाही.

तिसरी गोष्ट स्पीकर. स्टिरिओ बंद करून स्पीकरच्या तारा सोडवा. आता तो पुन्हा सुरू करून थोडा वेळ ठेवा. तो थंड राहिला, तर दोष बहुधा स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारांत आहे. एखादी तार सोलली जाऊन गाडीच्या पत्र्याला लागली असेल, तरीही स्टिरिओ तापतो.

मामांच्या जीपमध्ये स्पीकर सोडवल्यावर स्टिरिओ थंड राहिला. मग मामांना आठवले, की गेल्या महिन्यात त्यांनी मागे दोन नवे स्पीकर बसवले होते. त्यांच्या तारा पुढच्या स्पीकरच्याच तारांना जोडल्या होत्या. चूक सापडली!

ही चूक समजण्यासाठी ओहमचा नियम आठवा. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी तो १८२७ साली मांडला. रोध निम्मा झाला, की त्याच दाबाला प्रवाह दुप्पट होतो. गाडीचा स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो. असे दोन स्पीकर समांतर जोडले, की रोध २ ओहम होतो. ॲम्प्लिफायरवर दुप्पट भार पडतो. एका हमालाच्या डोक्यावर दोघांचे ओझे दिले, तर तो घामाघूम होणारच!

उपाय सोपा आहे. बहुतेक स्टिरिओंना चार स्पीकरसाठी तारांच्या चार वेगळ्या जोड्या असतात. मागच्या स्पीकरना त्यांच्या जोड्या द्या. मामांना नवा स्टिरिओ घ्यावा लागला नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. स्टिरिओचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. तो घराचा पहारेकरी आहे. तो पुन्हा पुन्हा उडत असेल, तर काही लोक तिथे मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार लावतात. हे कधीही करू नका. प्रवाह दुप्पट झाला, की तारेतली उष्णता चौपट होते. पहारेकरी नसेल, तर तार वितळते आणि गाडी पेट घेऊ शकते. गाडीत तर आपलीच माणसे बसलेली असतात. धूर दिसला किंवा जळका वास आला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायला सांगा आणि सगळे खाली उतरा. पुढचे काम कारागिराला करू द्या.

मुलांनो, ताप दाबू नका, त्याचे कारण शोधा. यंत्र असो की माणूस, निदान आधी, औषध नंतर.

स्वाध्याय
१. स्टिरिओच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कशासाठी असतात?
२. मामांच्या स्टिरिओवर दुप्पट भार का पडला?
३. लेखकाने फ्यूजला 'पहारेकरी' का म्हटले आहे?
४. वाक्यांत उपयोग करा: निदान, साहजिक, घामाघूम होणे.