गावचे जुने घर : आधी वारस मोजा, मग वासे

कल्याण, मुंब्रा, भिवंडीच्या आपल्या घरांत हल्ली एक विषय वारंवार निघतो. फ्लॅटच्या मागे धावण्यापेक्षा खडवली, पडघा, वासिंदकडे एखादे जुने कौलारू घर घ्यावे आणि दुरुस्त करून राहावे. त्यामागे हौस आहे, तशी भीतीही आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ-डायघरची बेकायदा इमारत कोसळली आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी बनावट कागदांवर महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आयुष्याची कमाई ओतलेल्या घरांची झोप उडाली. अशा वेळी दगडी जोत्यावर साठ-सत्तर वर्षे उभे असलेले घर भरवशाचे वाटते.

आम्हीही गेल्या पावसाळ्यात खडवलीच्या बाजूला अशी घरे पाहिली. मुद्दाम जुलैत गेलो. एप्रिलमध्ये कुठलेच कौल गळत नाही! एक घर सगळ्यांच्या मनात भरले. पुढे ओटी, मागे पडवी, आत सागवानी खांब. सोबतच्या सुतारमिस्त्रींनी खांबाच्या बुडाशी पेचकस खुपसून पाहिला. दोन खांबांत तो लोण्यात जावा तसा गेला. वाळवी. आढे मात्र ठणठणीत होते. रिपा आणि कौले बदलावी लागणार, न्हाणीघर नव्याने बांधावे लागणार. हा खर्च मोजता येतो. पाण्याचे तसे नाही. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. म्हणून विहीर मे महिन्यात पुन्हा पाहायची, असे ठरवले.

मग कागद. विकणाऱ्या भाईजाननी ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे केला. तो घरपट्टीचा उतारा. त्याने मालकी सिद्ध होत नाही. घर गावठाणात आहे की शेतजमिनीवर, हे आधी पाहावे लागते. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ सांगते. आदिवासींच्या जमिनीचे निर्बंध त्याहून कडक. आमचे घर गावठाणात निघाले. पण उताऱ्यावर नाव होते भाईजानच्या मरहूम वालिदांचे.

खरा प्रश्न इथे सुरू झाला. किंमत सोळा लाख, आजूबाजूच्या मानाने कमी. वालिदांच्या मागे बीवी, दोन मुलगे, तीन मुली. कर्ज-वसीयत काही नव्हती. सूरह निसाप्रमाणे आठ हिस्से होतात. बीवीचा एक, प्रत्येक मुलाचे दोन, प्रत्येक मुलीचा एक. म्हणजे एकेका बहिणीचे दोन लाख, तिघींचे मिळून सहा. भाईजान म्हणाले, "बहिणी काही घेणार नाहीत. लग्नात दिलंय की सगळं."

हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोलले जाते की कुणी थांबून विचार करत नाही. लग्नातला खर्च म्हणजे वारसा नव्हे. बाप जाताच मुलगी आपल्या हिश्श्याची मालक होते. भावाने तो "द्यायचा" नसतोच, तो तिचाच असतो. तिला तो सोडायचा असेल तर सोडू दे, पण किंमत समजल्यावर, खुशीने आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. नोटरीच्या कागदावर घेतलेल्या अंगठ्याने नव्हे. आणि घेणाऱ्याला "ते त्यांचं घरचं" म्हणून हात झटकता येत नाहीत. उद्या दिवाणी दावा आपल्यावरच येईल. दावा आला नाही तरी ज्या छपराखाली नमाज पढायची त्यात बेवा बहिणीचे दोन लाख अडकलेले असणार.

आणखी एक गोष्ट. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई फिकहमध्ये शेजाऱ्याला नसला तरी सहहिस्सेदाराला शुफ्आचा, म्हणजे आधी विकत घेण्याचा, हक्क आहे. बापाचे घर एखाद्या बहिणीलाच ठेवायचे असेल तर? तिला कुणी विचारले?

आमच्या घरातल्या बायकांनी फोन केले. थोरली म्हणाली, "घर विकायला काढलंय, हे तुमच्याकडूनच कळतंय." धाकटीने मात्र भावाची बाजू घेतली. अम्मीच्या दवाखान्याचा सगळा खर्च त्यानेच केला, असे ती म्हणाली. तेही खोटे नसावे. तो हिशेब त्यांनी आपसात करावा.

आम्ही भाईजानना एवढेच कळवले की सह्या सगळ्या वारसांच्या हव्यात, आणि खरेदीखताच्या दिवशी प्रत्येकीचा धनादेश तिच्याच नावाने निघेल. व्याजाचे कर्ज नको म्हणून भिशी आणि दागिन्यांवर रक्कम जमवली आहे. ती वर्षभर थांबू शकते. भाईजान आधी रागावले, पंधरा दिवस बोलले नाहीत. मग त्यांचाच फोन आला. थोरलीने हिस्सा मागितला आहे, धाकटी सोडायला तयार आहे. मधली कुवेतला असते. तिचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून यायचे आहे. तोवर आम्ही बयाणाही दिलेला नाही.